पहाटेच्या पाळीचा अर्ज

घर,
सोमवार, १२ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. 'शिरसाष्टांग नमस्कार' लिहिला असता तर तू हसून लोळली असतीस, म्हणून साधाच.

आई बरी आहे. खोकला उतरलाय. न्हाणीघरातला नळ अजून गळतोच आहे. प्लंबर दोनदा 'आलोच' म्हणाला आणि दोनदा आला नाही. तुझी टाच कशी आहे? इंजेक्शन घेतलंस का? 'एवढ्याशाला काय होतंय' म्हणून अंगावर काढू नकोस.

तू मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेलीस त्याला उद्या बावीस दिवस होतील. फोन उचलत नाहीस. आई उद्या तुमच्या सफाई डेपोवर तुला भेटायला येणार आहे, तिच्या हाती हे पत्र देते आहे. वाचायचं की नाही, तू ठरव.

काल आमच्या ऑफिसनं भरवलेल्या महोत्सवात तू चार वाजता बागेत आलीस. त्याआधीचं तू काहीच पाहिलं नाहीस, म्हणून ते सांगते. ताई, एवढी माणसं एका ठिकाणी, आणि कुणाच्या कपाळाला आठी नाही, असं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. एकेचाळीस समुदाय. सगळ्यांचे सहभागाचे अर्ज माझ्या टेबलावरून गेलेले. ज्यांची नावं दोन महिने नुसती कागदावर वाचत होते, ते सगळे सकाळी दहाला फाटकातून चालत आले. उंच काठ्यांवरची माणसं आली, झाडांच्या फांद्या हातानं बाजूला सारत. वीस ढोल एकदम वाजले तेव्हा माझ्या हातातल्या चहाला तरंग उठले.

एका टेबलावर मासेमारीचं जाळं विणणारे आजोबा होते आणि शेजारच्या टेबलावर लेस विणणारी आजी. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नाही. थोड्या वेळानं आजोबांचं लक्ष गेलं की दोघं गाठ एकच मारतात. त्यांनी आपलं जाळं तिच्या लेसजवळ धरलं. आजी इतकी हसली की तिनं सुया खाली ठेवल्या. मी तिथंच उभी राहिले. फाटकावर तीन जण माझी वाट बघत होते, पण मला हलवेना.

मला वाटलं, हे मी केलं. खरंच तसं वाटलं, लाजत नाही सांगायला. आपल्या घरातली पहिली पदवी, पहिली टेबल-खुर्चीची नोकरी, आणि तिचं हे असं चीज.

मग चार वाजता ते झालं. काठीवरच्या माणसाची लांब बाही काचकाम करणाऱ्यांच्या मांडणीत अडकली आणि रंगीत काचेचे सगळे गोळे मधल्या हिरवळीवर येऊन फुटले. पुढचा कार्यक्रम लहान मुलांचा. अकरा समुदायांची साठ मुलं, सगळी अनवाणी, गवतावर लोळायचा नाच. बाकी बाग माणसांनी भरलेली, दुसरीकडे हलवायला वीतभर जागा नाही. निवेदकानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि त्यानं माइकवर 'रद्द' म्हणून टाकलं. मुलं रडायला लागली.

तुम्ही बारा जणी नंतरच्या सफाईसाठी आलेल्या, ढकलगाड्या घेऊन फाटकाशी उभ्या. तू तिथून सरळ चालत आलीस.

"रद्द कशाला? अर्धा तास द्या."

"बाई, गवतातली काच झाडून निघते होय?" निवेदक म्हणाला.

"झाडतंय कोण? झाडलं तर आणखी आत जाईल. तुम्ही माणसं मागे घ्या, ते ढोल थांबवा, आणि चहा प्या जाऊन. तोंड किती सुकलंय तुमचं."

लोक हसले. निवेदकही हसला. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस.

ताई, तू रोज पहाटे चारला उठून जायचीस, मी कूस बदलून झोपायचे. तू तिथं नेमकं काय करतेस हे मी काल पहिल्यांदा पाहिलं. आधी मोठे तुकडे हातानं उचललेत. मग बारा जणी खांद्याला खांदा लावून गुडघ्यांवर बसलात, ओली फडकी गवतावर थापत, प्रत्येक थापेनंतर फडकं उलटून बघत. आणि मग सगळ्याजणी एकदम गाल जमिनीला टेकवून उन्हाच्या दिशेला बघायला लागलात. तेव्हा मला कळलं नाही. नंतर तुमच्या मुकादमबाईंनी सांगितलं की तिरप्या उन्हात काच चमकते आणि पाण्याचा थेंब चमकतो त्याहून वेगळी चमकते. चमकलं की उचलायचं. जिची वीतभर जागा झाली ती आपल्या भाषेत ओरडायची: साफ! बारा जणींच्या पाच भाषा. त्यातला एक शब्द मला येत होता, पण दहा मिनिटांत पाचही कळायला लागले. मग साऱ्या बागेलाच कळायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं, पण हजारो माणसं गप्प उभी. ढोलवाल्यांनी ढोलांवर तळवे ठेवलेले, चुकून आवाज होऊ नये म्हणून.

शेवटी तू उठलीस आणि बूट काढलेस. तुझ्यामागे सगळ्यांनी काढले. बारा जणी एका रांगेत, हिरवळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, अनवाणी, सावकाश, पाय पूर्ण टेकवत चालत निघालात.

मध्यावर तू थांबलीस. टाच उचललीस, तुकडा काढून कंबरेच्या पिशवीत टाकलास आणि एक बोट वर केलंस, म्हणजे आणखी एक होता. मला वाटलं, आता ही लंगडत बाजूला होईल. तू परत पहिल्या टोकाला गेलीस. सगळ्या गेल्या. पुन्हा फडकी, पुन्हा गाल जमिनीला, पुन्हा चालणं. दुसऱ्या वेळी कुणीच थांबलं नाही. तू त्या टोकाला पोचलीस, रडणाऱ्या मुलांकडे वळलीस आणि म्हणालीस, "या रे, लोळा आता."

देवळात गेल्यावर जे वाटायला हवं असं आई म्हणते, ते मला काल वाटलं.

आणि त्यानंतर मी जे केलं ते लिहायला मला सकाळपासून तीन कागद फाडावे लागलेत.

निवेदक धावत आला. "कोण या? नाव सांग पटकन, माइकवरून सांगतो." मी म्हटलं, "सफाई विभाग." त्यानं तेच सांगितलं. टाळ्या थांबेनात. बाकीच्या अकरा जणी हसत होत्या. तू एकटीनं वर पाहिलंस. बाग एवढी मोठी आणि तू नेमकं माझ्याकडेच पाहिलंस.

आता आणखी मागचं. तुमचा अर्ज नाकारला गेला त्या रात्री तू विचारलंस तेव्हा मी सांगितलं होतं की दोनशे अर्ज येतात, कुणाचा कोणता ते कळत नाही, आणि नियम सगळ्यांना सारखा. आईलाही तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी तू पिशवी भरून निघालीस. नियम खरा होता, मीच केला होता: समुदायाचं नाव नसेल तर अर्ज अपूर्ण. अर्जावर एकच चौकट: 'कोणत्या समुदायाच्या वतीने?' तिथं लिहिलं होतं, 'पहाटेची पाळी'. सही मुकादमबाईंची होती. पण अक्षर तुझं होतं, ताई. आठवीत शाळा सोडून तू बाबांच्या जागेवर कामाला लागलीस आणि संध्याकाळी परत येऊन माझा हात धरून पाटीवर गिरवून घ्यायचीस. ते अक्षर मी ओळखणार नाही?

मी ओळखलं. ओळखून 'अपूर्ण'चा शिक्का मारला.

ऑफिसात सगळ्यांना वाटतं बाबा पालिकेत कारकून होते. मी तसं कधी म्हटलं नाही, फक्त 'पालिकेत होते' म्हटलं आणि पुढं गप्प बसले. तू मंचावर आली असतीस तर तिथूनच 'ए पिल्ल्या' म्हणून हाक मारली असतीस. मला त्या हाकेची भीती वाटली. समानतेवर मी कॉलेजात भाषणं केली, बक्षिसं घेतली, ती अजून कपाटावर आहेत. तूच पुसतेस ती. म्हणजे पुसायचीस.

आज सकाळी साहेबांना सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "अगं, सोड. कुणाच्या लक्षातही आलेलं नाही." ओरडले असते तर बरं झालं असतं.

बुधवारी महोत्सव समितीपुढे अहवाल मलाच वाचायचा आहे. त्यात बारा जणींची नावं घातली आहेत, मुकादमबाईंकडून नीट विचारून. तुमचा अर्ज कुणी आणि का नाकारला तेही घातलं आहे, आणि तुझ्या नावापुढे तू माझी कोण ते. साहेब म्हणाले शेवटचा भाग गाळ. गाळणार नाही. नोकरी करारावरची आहे, पुढं काय होईल माहीत नाही. ते तुला घाबरवायला लिहीत नाही.

घरी ये असं म्हणायचा हक्क मला आहे असं वाटत नाही. आईला आहे, ती म्हणेल.

मला एकच विचारायचं आहे. त्या चौकटीच्या खाली 'कार्यक्रमाचे स्वरूप' म्हणून चार ओळी होत्या. त्या भरलेल्या होत्या. मी त्या वाचल्याच नाहीत. अक्षर ओळखल्यावर माझे डोळे तिथं गेलेच नाहीत. नाकारलेले अर्ज परवा रद्दीत गेले. कालपासून मी जेवताना, चालताना एवढाच विचार करते आहे, की ज्या बायका कुणी न बोलावता तसं करू शकल्या, त्या ठरवून, तालीम करून मंचावर काय करणार होत्या? अहवालात तेवढी जागा कोरी ठेवली आहे.

मला सांगू नकोस हवं तर. आईला सांग, ती मला सांगेल. पण सांग.

तुझी धाकटी बहीण,
जिला तुमचा कार्यक्रम बघायचा होता