पेलिनोवो, भर जानेवारीत

रुसे, २९ जानेवारी

प्रिय इस्क्रा,

तुझा पत्ता मावशीकडून मिळवला. तिने तो सुखासुखी दिला नाही, तेव्हा तिच्यावर रागावू नकोस. पाकिटावरचं अक्षर पाहून तू हे पत्र बाजूला ठेवशील, आठवडाभर फोडणारही नाहीस कदाचित. हरकत नाही. यात घाईचं काही नाही.

मी पेलिनोवोला जाऊन आलो. परवाच, या थंडीत. ग्रोझदानचा फोन आला होता. हॉटेल विकलं म्हणे, नवे मालक एक तारखेला ताबा घेणार, तुमच्या मुलीचं एक खोकं पडलंय, न्यायचं तर न्या, नाहीतर मी कचऱ्यात टाकतो. सहा वर्षांत त्या माणसाशी मी एक शब्द बोललो नव्हतो, आणि हा असा बोलत होता, जणू आदल्या रात्रीच आम्ही एका ताटात जेवलो होतो. मी हो म्हणालो आणि निघालो. तुला आधी विचारायला हवं होतं, हे गाडीत बसल्यावर सुचलं.

बुर्गासहून पुढची बस दिवसातून दोनदाच. तीत मी, ड्रायव्हर आणि मागच्या बाकावर आडवी ठेवलेली गॅसची टाकी. अर्ध्या वाटेत ड्रायव्हर म्हणाला, "पेलिनोवोत कोण वारलं?" म्हटलं, कोणी नाही. "मग तुम्ही कशाला चाललाय?" एवढं विचारून त्याने रेडिओ मोठा केला.

इस्क्रा, ते गाव आहे असं मी एकवीस उन्हाळे समजत होतो. चाळीस वर्षं वर्गात भूगोल शिकवला. गाव म्हणजे माणसं, पाणी आणि कसण्याजोगी जमीन, हे पोरांकडून घोकून घेतलं. पेलिनोवोत जानेवारीत यातलं काहीच नाही. नळालासुद्धा पाणी नाही, पाइप फुटतात म्हणून अर्ध्या गावाचं बंद करून टाकतात. उन्हाळ्यात हे गाव सगळे दात दाखवून हसतं. हिवाळ्यात त्याची कवळी काढून ठेवलेली असते. समुद्रकाठच्या रस्त्यावरची ताडाची झाडं प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोरीने आवळलेली. ज्या उपाहारगृहात आम्ही मासे खायला रांग लावायचो, त्याला भिंतीच नाहीत, नुसते खांब, हे मला आत्ता दिसलं. वाळूत जागा धरायला मी पहाटे सहाला टॉवेल टाकून यायचो, तिथे आता मांजरं हगतात. चार भाषांत 'पुन्हा भेटू' लिहिलेली पाटी आहे, आणि चारही भाषांत ते चुकलेलं आहे. मला हसू येत होतं. असल्या जागेसाठी मी वर्षभर कॅलेंडरवर खुणा करायचो.

आणि तुझा तो नवरा, ग्रोझदान. 'जलपरी' हॉटेलच्या दारात मळक्या झग्यात उभा होता, पायात मऊ पांढऱ्या सपाता, हॉटेलातल्या पाहुण्यांना देतात त्या. अंगाने सुटला आहे. दाढी पिकली आहे. "या, बाबा, या," म्हणून त्याने मला मिठी मारली. तो हिवाळ्यात कसा राहतो, तुला ठाऊकच असेल, मला नव्हतं. एका खोलीत राहायचं, ती घाण झाली की किल्ल्यांच्या फळीवरून पुढची किल्ली घ्यायची. हे त्याने मला अभिमानाने दाखवलं. "ऑक्टोबरपासून सात खोल्या संपवल्या, ही आठवी. मेमध्ये बायका येतात, सगळं धुऊन काढतात." एकेक दार उघडून दाखवत होता. आंबलेलं चोर्बा सूप तसंच ताटलीत, सिगारेटची थोटकं खिडकीत, गादीवर बुटांचे डाग. सात खोल्यांत एक माणूस इतकी घाण करू शकतो, हे पाहून मला वाटलं, बरं झालं, आता बोलायला काही उरलंच नाही, याच्या तोंडावर थुंकून खोकं उचलावं आणि चालू लागावं.

पण मी काय केलं, ते ऐक. त्याने द्राक्षाची रकिया ओतली आणि मी ती प्यायलो. लोणच्याची काकडी पुढे केली, ती खाल्ली. तो म्हणाला, "तुमची ती दुसऱ्या मजल्यावरची बाल्कनी आठवते का? जुलैत शेजारचं जर्मन जोडपं कितीही मागे लागलं तरी मी ती तुमच्यासाठीच ठेवायचो." आणि मी म्हणालो, "आठवते तर." वर हसलोही. सभ्य माणूस आहे ना मी.

खोकं घेऊन बाहेर पडलो तेव्हा दीड वाजला होता, बस चारला. वारा असा की उभं राहवेना. उघडं असं एकच दुकान, पोस्टाशेजारचं, पेनाबाईचं. तुला ती चांगली आठवत असेल. मला फक्त आइस्क्रीम विकणारी एक बाई एवढंच आठवत होतं. तिने तर मला ओळखलंच नाही. उन्हाळ्यात रोज माझ्यासारखे दोनशे म्हातारे चड्डीवर तिच्या दारात उभे असतात. मी पाव घेतला. तिने शेगडीजवळचं स्टूल पुढे केलं आणि हातातलं खोकं पाहून विचारलं, "जलपरीतून आणलंत? त्या पोरीचं असणार." कोणती पोर, मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

मग तिने सांगितलं. तिचेच शब्द लिहितो. "त्या डुकराची बायको. गोड पोर होती. असाच जानेवारी होता, सकाळी आली, बर्फातून, पायात हॉटेलच्या सपाता. उजवं मनगट कोटात धरलेलं, ते भलतीकडेच वळलेलं. मोबाइल त्याने काढून घेतला होता. म्हणाली, पेनाताई, फोन करू दे. हा इथे, याच फोनवरून बापाला फोन लावला. बाप रुसेला मास्तर. मी इथेच उभी होते. बाबा, मला घेऊन जा, एवढंच म्हणत होती, तीनदा म्हणाली. तो पलीकडून काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण पोरीने फोन ठेवला आणि मला म्हणाली, बाबा म्हणतात हिवाळ्यात सगळ्यांचीच डोकी फिरतात, थोडी कळ काढ, उन्हाळ्यात आम्ही येऊ तेव्हा बसून बोलू." पेनाबाईने चिमट्याने शेगडीतला निखारा सारला. "डॉक्टरकडे मी नेलं तिला. गाडी मिळेपर्यंत दुपार झाली. हात वाकडाच जुळला. माझं विचाराल तर डुक्कर तरी बरं, ते डुक्करच असतं. मला त्या मास्तरचं तोंड एकदा बघायचंय."

मी पाव मांडीवर ठेवला आणि म्हणालो, "बघा. मीच तो."

ती ओरडली नाही. उठली, शेगडीची झडप लावली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मग इथे काय बसलायस? मला सांगून काय उपयोग? जिला सांगायचं तिला सांग." मग तिने दार उघडून धरलं. मी बसथांब्यावर सव्वादोन तास उभा होतो. तिने काचेतून पाहिलं, पण आत बोलावलं नाही. बरोबरच केलं.

तर तिने सांगितलं म्हणून सांगतो आहे. गेली सहा वर्षं मी सगळ्यांना, तुझ्या आईलाही, हेच सांगत आलो की फोन नीट ऐकू येत नव्हता, इस्क्रा काय म्हणाली मला कळलंच नाही. आई गेली तेव्हा तू चर्चमध्ये मेणबत्ती डाव्या हातात धरली होतीस. ते मी पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. इस्क्रा, मला त्या दिवशी शब्द न् शब्द ऐकू आला होता. तू रडत होतीस हेही कळलं होतं. जुलैसाठी मी शाळेतल्या तीन कुटुंबांना आमच्यासोबत पेलिनोवोला बोलावलं होतं. जावयाचं हॉटेल म्हणून मिरवलं होतं. तुला आणायला आलो तर त्यांना काय सांगायचं, फोन हातात धरून मी याचा विचार करत होतो. ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही.

खोकं माझ्याकडे आहे, उघडलेलं नाही. कुणाबरोबर पाठवायचं ते मावशीला कळव, मला कळवायची गरज नाही.

तुझाच, तू हाक मारलीस तेव्हा न आलेला,
बाबा