मासळीच्या गाडीसाठी लिहिलेलं इंग्रजी पत्र

गडचिरोली

चि. मुखरूस,

तुझ्या शाळेतल्या बाईचा आशीर्वाद. माझे गुडघे बरे आहेत, काळजी नको.

हैदराबादच्या व्यापाऱ्याचं उत्तर मोबाईलवर पाठवून तू फोनवर खुशीत म्हणालास, "बाई, त्यानं थँक यू लिवलं हाये, आता गाडी टाइमावर येते." खरं सांगायला माझी जीभ रेटली नाही. त्याने आपली मासळी घेणं बंद केलं आहे. थँक यू म्हणजे त्याचा निरोपच आहे.

चूक माझी. गाडी सकाळी लवकर धाडा, एवढंच तुमच्या वतीने पत्रात त्याला कळवायचं होतं. तुझी बायको कमळा म्हणालीही, "जरा गोड लिवा जी." मी तिलाच दटावलं आणि कॉलेजात घोकलेली कडक इंग्रजी वाक्यं घातली: तातडीने खुलासा करावा, अन्यथा करार रद्द समजावा. त्याने तसंच समजलं.

सोमवारी मी स्वतः जाऊन त्याच्याशी साध्या हिंदीत बोलते. ऐकेल की नाही, ठाऊक नाही. तोवर तळ्यात जाळं टाकू नका.

तुमच्या छोट्या मयुरीचा खोकला गेला का?

मच्छीमार सोसायटीत कोणी तुला बोललं तर मुकाट्याने ऐकून घेऊ नकोस. माझं नाव सांग.

तुझी बाई,
गिरजा