गणिताच्या पुस्तकातली गोष्ट

जुळे सोलापूर
१९ जुलै २०२४

लाडकी फिरदोस,

सलाम आणि दुआ. इकडं सगळे खुशाल. फोन सोडून चिठ्ठी कशाला, म्हणशील. फोनवर तू मधेच बोलतेस आणि मला हे एका दमात सांगायचंय.

माझी सबा दुसरीच्या वर्गात सगळ्यात छान वाचते, हे मीच तुला कौतुकानं सांगत होते की. गेल्या महिन्यात तिच्या बाईंनी मला शाळेत बोलावून वर्गाच्या खिडकीशी उभं केलं. "काही बोलू नका, नुसतं बघा."

सबा बकरीचा धडा वाचत होती, ओळीवर बोट ठेवून. बाईंनी हळूच तिच्यासमोरचं पुस्तक काढून गणिताचं ठेवलं. ती थांबली नाही. बोट बेरजांवरून फिरत होतं आणि तोंडून बकरीच बोलत होती. धड्यात पान संपतं तिथं तिनं पानसुद्धा उलटलं. पोरं हसली. माझ्या अंगावर काटा आला.

सासूबाई म्हणाल्या, "पोरीच्या आतून दुसरंच कुणीतरी बोलतंय." मला तिच्याजवळ निजायची भीती वाटायला लागली. स्वतःच्या लेकीची.

शेवटी बाईच म्हणाल्या, "आधी डोळे दाखवा." डॉक्टरांनी तपासलं. जवळचं तिला नुसतं धुरकट दिसत होतं, लांबचंही धड नाही. बाकावर शेजारी बसणारी मुलगी वाचायची, ते ऐकून ही पाठ करायची. सबा म्हणाली, "सगळे असंच वाचतात ना?"

चष्मा लावल्यावर मी तिच्यासमोर वाकले, तर ती मागं सरकली. नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "तू बोल."

"सबा, मी आहे."

तेव्हा कुठं तिनं माझ्या गालाला हात लावला. इतकी वर्षं ती कुणाला अम्मी म्हणत होती, फिरदोस?

आता कमजोर डोळ्याला काम पडावं म्हणून चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून ती अक्षर अक्षर जुळवते. अडखळते. ते अडखळणं लई गोड वाटतं.

आता चिठ्ठीचं खरं कारण लिहिते. डॉक्टर म्हणाले, हे घराण्यात असू शकतं, बहीणभावंडांच्या मुलांनाही दाखवा. लहानपणी कळलं तर नजर सुधारते. ईदला तुझा फरहान माझ्याकडून शेवयांची वाटी घ्यायला आला आणि त्याची मूठ शेजारच्या हवेत मिटली. "धांदरट हाय," म्हणून तू हसलीस. मीही हसले. तो हसला नाही. मान तिरकी करून वाटी शोधत राहिला.

पुढच्या सोमवारी सकाळच्या एसटीनं त्याला घेऊन ये. फरहानच्या अब्बांशी मी बोलते.

माझ्यावर रागाव, पण ये.

तुझी आपा,
साबेरा