रामेश्वरसाठी आणलेली अंडी

कांता पोरी,
काल चिखलीचा डाक्टर मले म्हणे, "कपाशीवर फवारताना औषध अंगात गेलं, रामेश्वरला ताकद हवी. रोज दोन अंडी द्या." मी म्हटलं, अंडं गरम पडते, पोट बिघडवते. तो हासला. "आजी, उकडून द्या, काही होत नाही."

शेजारच्या सरवरीच्या घरून दहा अंडी आणून फळीवर ठेवली. जुन्या जर्मनच्या गंजात उकडजो, सैपाकाचं पातेलं घेऊ नको. दोन तुह्यासाठी, त्याच्या उशाशी बसून तूही वाळून गेली. माह्या गळ्यात माळ, मले वास सोसत नाही, म्हणून चार दिवस उंद्रीले बहिणीकडं चालली.

माह्या भेवानं तो नाही म्हणीन. त्याले सांगजो, आईनंच आणली.

— आई