एसी बंद करायचा नाही

५ मे, सोमवार. अकोला

आले एकदाची अकोल्याला! बाबा अमरावतीच्या स्टँडवर सोडायला आले आणि अकोल्याचं ऊन फार वाईट, डोकं उघडं ठेवू नको, असं सांगत बसले. जणू अमरावतीत आम्ही मे महिन्यात स्वेटर घालून फिरतो. आईने लू लागू नये म्हणून पर्समध्ये कांदा कोंबला. पहिल्या नोकरीचा पहिला दिवस आणि दीपमाला मॅडमच्या पर्सला कांद्याचा वास.

पण गाडी पाहिली आणि सगळा शीण गेला. लांबलचक, पांढरी, बाजूला भल्यामोठ्या कानाचं चित्र. आमची संस्था गावोगाव जाऊन लोकांचे कान तपासते, ही तिची गाडी. पुढे ड्रायव्हर, मध्ये माझं टेबल आणि मशीन, मागे जाड भिंतींची कपाटाएवढी खोली. पेशंटने त्या खोलीत बसायचं. दार लावलं की बाहेरचा आवाज आत नाही, आतला बाहेर नाही. कानावर हेडफोन, हातात बटण. मी मशीनवरून आवाज सोडते, त्याला ऐकू आला की तो बटण दाबतो आणि माझ्यासमोर हिरवा दिवा लागतो. मधल्या भिंतीला एक काच आहे, तिच्यातून पेशंट दिसतो.

टपावर एसी आहे, त्याची हवा नळीतून त्या खोलीतही जाते. गाडी उभी असताना, इंजिन बंद ठेवून, स्वतःच्या वेगळ्या बॅटरीवर चालतो. शिबिरं ठरवणाऱ्या भावनाताई त्याचं कौतुक असं सांगत होत्या, की मला वाटलं एसीला ओवाळायला लावतात की काय.

ड्रायव्हर देवमनभाऊ. पन्नाशी उलटलेली, गळ्यात दुपट्टा. जय भीम म्हणाले आणि आधी थंड पाणी पुढे केलं. माणूस आवडला मला.

७ मे, बुधवार

पहिलं शिबिर झालं. गाडी थंड ठेवणं ही केवढी मोठी कामगिरी आहे ते आज कळलं. देवमनभाऊ सकाळीच जाऊन कडुलिंबाची सावली शोधतात, दुपारी ती कुठे सरकणार याचा अंदाज घेऊन गाडी लावतात, समोरच्या काचेला पुठ्ठे, टपावर ओली पोती. लोक येण्याच्या बरंच आधी एसी सुरू. एकदा गाडी तापली की एसीच्या बापाच्यानं ती थंड होत नाही, असं त्यांचं म्हणणं. पारा फार चढला की बॅटरीही दमते आणि एसी आपोआप बंद पडतो, मग पोती पुन्हा ओली करा आणि वाट पाहा.

आमचं पहिलं भांडणही झालं. एसीची घरघर नळीतून खोलीत येते, म्हणून तपासणीपुरता तो बंद ठेवावाच लागतो. कॉलेजात हेच शिकवलं. मी बंद करा म्हटलं तर भाऊंचा चेहरा उतरला.

"एसी बंद नाई करायचा मॅडम. गाडीत मानूस नसन तरी चालूच राहू द्यायचा."

माझ्याआधीचे टेक्निशियन रविकांत सर म्हणे एसी चालू ठेवूनच तपासायचे. मग त्यांचे रिपोर्ट घ्या आणि चुलीत घाला! मी स्वतः उठून बंद केला. भाऊ खाली उतरून लिंबाखाली जाऊन बसले. ऊन चढायच्या आत सगळ्या तपासण्या छान झाल्या.

९ मे, शुक्रवार

आज एक विचित्र गोष्ट झाली. जेवायच्या सुट्टीत गाडीत मी एकटीच होते. दुपारसाठी बॅटरी राहावी म्हणून एसी बंद केला आणि डबा उघडला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. वऱ्हाडातली दुपार म्हणजे आमची मध्यरात्रच, सगळी दारं बंद. पहिला घास घेतला आणि मशीनवर हिरवा दिवा लागला.

काचेतून पाहिलं. स्टूल रिकामं. बटण खुंटीला टांगलेलं. दिवा विझला, पुन्हा लागला. मग लागतच राहिला, कुणी घाईघाईने दाबत असल्यासारखा.

आत जाऊन बटण हातात घेतलं तर ते ओलं होतं. घामाने हात ओला असतो तसं.

तेवढ्यात भाऊ आले. दिवा पाहिला आणि मान वळवली. काचेकडे एकदाही न बघता एसी सुरू केला आणि तडक खाली उतरले. थोड्या वेळाने दिवा थांबला. विचारलं तर म्हणाले, "सप्लायचा प्रॉब्लेम हाय. दिवा लागला का एसी लावायचा अन् उतरून जायचं. घडीभर गाडीत थांबायचं नाई."

सप्लायचा प्रॉब्लेम असेल तर गाडीतून उतरायचं कशाला? पण भाऊ पोती ओली करायला निघून गेले.

१२ मे, सोमवार. अमरावती

बुद्धपौर्णिमेला घरी आले. आईच्या हातची खीर पोटभर खाल्ली. बाबांना दिव्याचं सांगितलं तर ते मनापासून हसले आणि आधी वायर तपास म्हणाले. आमच्या घरात भूत हा शब्द शिवीसारखा आहे, तो कुणी तोंडातून काढत नाही. मीही काढला नाही. ओल्या बटणाचं मात्र सांगायचं टाळलं. का टाळलं, कुणास ठाऊक.

१४ मे, बुधवार. हिवरखेड

आज आकांक्षा भेटली. सहा वर्षांची, दोन वेण्या, डोळे इतके बोलके की पाहत राहावं. तिला नीट ऐकू येत नाही हे माझ्या दोन मिनिटांत लक्षात आलं, पण शाळेत तिला मठ्ठ ठरवून मागच्या बाकावर बसवलंय. तिच्या आईला पक्का रिपोर्ट हवा आहे, म्हणजे यंत्र मिळेल आणि पोर जूनमध्ये पुढच्या बाकावर बसेल. ही गाडी पावसाळ्यात फिरत नाही. आत्ता राहिलं तर पोरीचं वर्ष गेलं.

एसी बंद केला, तिला आत बसवलं. मी आवाज सोडायच्या आधीच दिवा लागायला लागला. काचेतून पाहिलं तर तिचे दोन्ही हात हेडफोनवर. बटण मांडीवर पडलेलं. आणि दिवा लागतोय, लागतोय.

मी दार उघडलं. पोरगी घामाने भिजून चिंब झाली होती. तिला शब्द थोडेच येतात. स्टुलाशेजारच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आजी. गरम."

तिची आई हसली. मला हसू आलं नाही. मशीन बिघडलंय असं सांगून मी त्यांना तेवीस तारखेला बोलावलंय, त्या दिवशी इथेच फक्त लहान मुलांचं शिबिर आहे. पहिला नंबर आकांक्षाचा, असा शब्द दिलाय. देवमनभाऊ मघापासून खाली उभे होते. वर आले आणि गळ्यातला दुपट्टा काढून त्यांनी त्या काचेवर बाहेरून टांगला.

१६ मे, शुक्रवार

मशीनवाला येऊन गेला. वायर ठीक, बटण ठीक, सगळं ठीक. फक्त खोलीच्या दाराला आतून मूठच नव्हती. इतके दिवस माझं लक्षच गेलं नव्हतं, कारण दार नेहमी मीच बाहेरून उघडते. त्याने नवी मूठ बसवून दिली. जाताना म्हणाला, जुनी कुणीतरी आतून ओढून उपटलीय, स्क्रूसकट. दाराच्या रबरावर नखांचे ओरखडे आहेत, तेही दाखवले.

देवमनभाऊ लिंबाखाली पाठ करून बसले होते.

१९ मे, सोमवार

आज त्यांना सोडलंच नाही. तेवीसला त्या खोलीत आकांक्षा बसणार आहे, काय असेल ते सांगा, नाहीतर मी भावनाताईंकडे जाते, असं म्हटलं. बराच वेळ ते काडीने माती उकरत राहिले.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. जाईबाई नावाची म्हातारी कान तपासायला आली होती. तपासणी झाली, पण मुलगी बाजारात गेलेली आणि बाहेर आग. भाऊंनीच तिला आग्रह केला. आपल्याकडे उन्हातून आलेल्या माणसाला कुणी उठ म्हणत नाही. "मीच म्हटलं, माय, बस इथी थंड्यात. थंडी जाऊ नये म्हनून दार मीच लोटलं." मग ते पोती ओली करायला पाणी आणायला गेले. तेवढ्यात शेतावर रोडग्यांच्या जेवणाचं बोलावणं आलं. रविकांत सरांनी एका म्हातारीला मुलीबरोबर जाताना पाहिलं होतं, त्यांना वाटलं तीच. गाडी रिकामी आहे म्हणाले. भाऊंनी दुपारसाठी बॅटरी राहावी म्हणून एसी बंद केला आणि दोघं जेवायला गेले.

परत आले तेव्हा दिवा लागलेला होता. बटण तिच्या मुठीत होतं, मूठ सुटेना.

तिला उचलून लिंबाखाली बाजेवर निजवलं आणि चक्कर येऊन पडली असं तिच्या मुलीला सांगितलं. उष्माघात, असंच सगळ्यांनी मानलं. रविकांत सर नोकरी सोडून गेले. भाऊंना घर चालवायचं होतं.

"आपन भूत-बित मानत नाई, पोरी. पन दिवा लागला का माह्यानं पाहवत नाई. एसी लावतो, हात जोडतो, अन् उतरून जातो."

मला रागही आला आणि रडूही. तिने किती वेळ दाबलं असेल ते बटण.

२० मे, मंगळवार

भावनाताईंना सगळं सांगितलं. त्यांनी शिबिरांची यादी पुढे ओढली. मग म्हणाल्या, शिबिर होऊन जाऊ दे, नंतर बघू. मुलांची नावं वर गेलीत. आता आतून मूठ बसवलीय ना, मग भीती कसली?

मूठ बसवलीय. हो.

२१ मे, बुधवार

नवी मूठ चारचारदा फिरवून पाहिली. दार छान उघडतं. पण तेव्हा एसी चालू होता. सगळं थंड होतं.

दुपारी एसी बंद केला. लगेच दिवा. आता तो थांबून थांबून लागतो. दमलेल्या माणसासारखा.

आकांक्षाच्या आईचा फोन आला होता. पोरीला नवा फ्रॉक शिवलाय म्हणे.

झोप नाही.

२२ मे, गुरुवार. हिवरखेड

उद्याचं शिबिर, म्हणून गाडी आजच इथे आणून लावली. भाऊ गावात जेवायला गेलेत, मीही शाळेत जाऊन येते असं त्यांना सांगितलंय. मी ठरवलंय. उद्या पोरगी आत बसायच्या आधी आज मी बसणार. एसी बंद, दार बंद, अगदी उद्यासारखं. तापल्यावर दार उघडतं का, एवढंच पाहायचं. भाऊंना सांगितलं असतं तर बसू दिलं नसतं. मशीनमध्ये खरखर येते म्हणून मोबाइल टेबलावर ठेवलाय. काय होतं ते लिहायला ही वही घेतली.

बसले. दार लावलं. केवढी शांतता. माझाच श्वास मोठा वाटतोय.

काचेवरचा दुपट्टा काढला नाही. काढायला हवा होता.

गरम व्हायला लागलं. अजून ठीक आहे.

मूठ फिरवली. फिरते. दार हलत नाही. रबर फुगलं असेल — चिकटलंय. खांदा लावला. नाही.

घाबरायचं नाही. भाऊ येतील आत्ता.

बटण घेतलं. दाबतेय. बाहेर दिवा लागत असेल.

घाम डोळ्यात जातोय. कोपऱ्यात कुणीतरी — मी तिकडे बघत नाही. बाबा, मी बघत नाही. पण माझ्या हातावर गरम हात आहे — म्हातारा — बटण दोघी मिळून —

भाऊ आले! दुपट्ट्यातून सावली दिसतेय. मशीनपाशी थांबले. दिवा दिसला त्यांना. दाबतेय. दाबतेय. ओरडतेय, माझ्याच कानात घुमतंय नुसतं.

एसी लावला. वरून थंड हवा — देवा — भाऊ, आता दार —

सावलीने हात जोडले.

नाही. नाही भाऊ. मान वळवली त्यांनी. मी काच ठोकतेय. इकडे बघा ना. एकदा बघा —

उतरले.

घडीभर परत येणार नाहीत. नाही येणार.

हवा बंद झाली. एसी पडला. बॅटरी —

मोठ्या अक्षरांत लिहून काचेला लावते. दुपट्ट्याआड दिसणार नाही, तरी —

देवमनभाऊ मी आहे
जाईबाई नाही मी
मी दीप