दिव्यांच्या भट्टीचा वारस

मी, पब्लियस अव्हिलियस सेव्हेरस, पुतेओलीच्या बंदरामागे मातीचे दिवे पाडणारा, पाय गेले तरी डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाच्याही दबावाखाली न येता हे लिहून ठेवतो.

आधी वारस. वारसाच्या नावाआधी लिहिलेली देणगी आपला कायदा मोजत नाही. माझी दासी हेल्पिस मुक्त होवो आणि माझी वारस होवो. घर, भट्टी, साचे, राखेत लोळणारा बोकासुद्धा तिचा.

माझा मुलगा क्रिस्पस वारसातून वगळला जावो. नाव मुद्दाम लिहिलं. शेजारच्या नोनियसने नुसतं "माझ्या नालायक मुलाला काही मिळू नये" असं लिहिलं होतं. मुलगे दोन. दोघेही न्यायाधीशापुढे छाती काढून म्हणाले, "तो नालायक मी नव्हेच!" मृत्युपत्र रद्द झालं. त्यात ज्याला मुक्ती लिहिली होती तो नोनियसचा दास दामा, निकाल घेऊन घरी आलो तेव्हा सुरई धरून दाराशी उभा होता. पोरांनी त्याला खाणवाल्याला विकला. मी साक्षीदार होतो. त्याचा चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

क्रिस्पस, गेल्या सणाला जेवता जेवता तू म्हणालास, "बाबा, तुम्ही गेलात की पहिली ही म्हातारी विकणार." हेल्पिस वाढत होती. ती वाढतच राहिली. तुला द्राक्षमळा देतो, म्हणजे बापाने उघड्यावर टाकलं अशी बोंब मारता येणार नाही. माझा पांढरा टोगाही घे. कोर्टात खुशाल घालून जा, हरशील.

आज साक्षीदार जमलेले पाहून हेल्पिसने विचारलं, "मालक, मला विकताय की काय?"

"तुझे गुडघे बघून गिऱ्हाईक पळतं गं."

"मग बसा माझ्याच हातचं खात."

तिला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर रडेल, आणि मलाही रडवेल. तिच्यावर माझी माया आहे, हे इथे स्पष्ट लिहितो.

साक्षीदार: फाबियस, तर्शियस, ओपियस, रुब्रियस, सेस्टियस, हेरियस आणि लांबण लावणारा म्यूशियस. सातांच्या मोहरा खाली आहेत.

या मृत्युपत्राच्या मेणाच्या पाट्या उघडाल तेव्हा हेल्पिस सुरई धरून दाराशी उभी असेल. तिचं नाव आलं की वाचन थांबवा. सुरई काढून घ्या आणि तिला माझ्या खुर्चीत बसवा. पुढचं तिने बसून ऐकावं.

पुतेओली, सप्टेंबरच्या इडसच्या, म्हणजे तेराव्या तारखेच्या, आदल्या दिवशी.
पब्लियस अव्हिलियस सेव्हेरस, स्वहस्ते.