चार पानं येईपर्यंत फक्त पाणी

मंगळवार, ता. ४ मार्च, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं.

भाऊजी, ही या पत्राची तारीख नाही, तुमच्या कृत्याची आहे. पत्राची तारीख पंधरा, वार शनिवार. कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टरांनी आम्हाला तक्रार कशी लिहायची ते शिकवलं होतं: आधी तारीख, मग वेळ, मग कृत्य, आणि विशेषणं सगळ्यात शेवटी, तीही उरली तर. मी राखून ठेवली आहेत. नमस्कार करावा तर तुम्ही धाकटे, आणि आशीर्वाद द्यावा असं तुम्ही काही केलेलं नाही, तेव्हा तेवढी जागा कोरी समजावी. गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरता ना? (राग निराळा, गुडघा निराळा.) माझ्या उजव्या डोळ्याला आता सगळं लख्ख दिसतं, आणि तीच पंचाईत झाली आहे.

मी दमले आहे, हे सुरुवातीलाच सांगते. पूर्वी मला उभ्याउभ्या भांडता यायचं. आता आधी खुर्ची लागते, मग उशी लागते, आणि टेकून बसेपर्यंत निम्मा राग निघून गेलेला असतो. म्हणून हे पत्र मी तीन बैठकांत लिहिते आहे. मध्येच सूर उतरलेला वाटला तर क्षमा केली असं समजू नका, पाठ दुखायला लागली असं समजा.

माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तुम्ही आलात, तेव्हा तुमच्या एका हातात कपड्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात माशांच्या टाकीला लावतात तो हवेचा पंप. मी तेव्हाच दार लावून घ्यायला हवं होतं. डोळ्याच्या ऑपरेशनला पंप कोण आणतं? पण तुम्ही ह्यांचे भाऊ, म्हणून मी घरात घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात बादली घुरघुरायला लागली. बादलीत पाणी, पाण्यात माझ्या उशीचा अभ्रा, अभ्र्यात कंपोस्ट, आणि वर चार चमचे साखर. ‘वहिनी, हा कंपोस्ट टी, म्हणजे खताचा चहा. दोन दिवस हवा दिली की यात कोट्यवधी जीव तयार होतात.’ मी म्हटलं, भाऊजी, या घरात एक जीव आहे आणि त्याला आंघोळ करायची आहे. तुम्ही बादली तसूभरही हलवली नाहीत. दोन दिवस मी एका डोळ्याला पट्टी बांधून, तुमच्या कोट्यवधी पाहुण्यांच्या शेजारी, तांब्याने अंग धुतलं. (वासाबद्दल मी लिहीत नाही. सिस्टरांचे संस्कार आड येतात.)

आता रोपांचं. तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते, कारण तक्रारीत सगळं यावं लागतं. ट्रेमध्ये टोमॅटोची बारा रोपं होती. तो टोमॅटो दुकानात मिळत नाही. वाकडा, चुण्या पडलेला, देठाशी शेवटपर्यंत हिरवा राहणारा. ह्यांनी बावीस वर्षं दरसाल त्याचंच बी धरून तो गॅलरीत टिकवला. मागच्या पावसाळ्यात हे गेले. पाकिटात मोजून बारा बिया उरल्या होत्या, बाराही रुजल्या. माती ह्यांनीच तयार केलेली, दोन वर्षं मुरवलेली, सगळी पालापाचोळ्याची आणि शेणखताची. तिला आणखी काही घालणं म्हणजे जेवून उठलेल्या माणसाला पुन्हा पाटावर बसवणं. शिवाय पाकिटावर ह्यांच्या अक्षरात स्वच्छ लिहिलं आहे: ‘चार पानं येईपर्यंत फक्त पाणी. हात आवरा.’ मी ते तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही काय म्हणालात? ‘दादाला हे नवीन शास्त्र माहीत नव्हतं.’

भाऊजी, साखर मी विसरेन. अभ्रा विसरेन. हे वाक्य विसरणार नाही.

तर मंगळवारी सकाळी तुम्ही पंप बंद केलात आणि तुमची घाई सुरू झाली, की आता हे चार तासांच्या आत वापरायलाच हवं, नाहीतर आतले जीव गुदमरतील. मी ठाम नाही म्हटलं. तुम्ही मान डोलावलीत. सव्वादहाला माझ्या डोळ्यात औषधाचे थेंब घातलेत आणि अगदी डॉक्टरांच्या सुरात म्हणालात, ‘वहिनी, आता दहा मिनिटं डोळे उघडायचे नाहीत.’ मी शिस्तीत वाढलेली बाई, डोळे मिटून पडून राहिले. पाच मिनिटांत गॅलरीचं दार वाजलं आणि झारीचं पाणी पडल्याचा आवाज आला. मी विचारलं, ‘काय करताय?’ तुम्ही म्हणालात, ‘काही नाही, हवा खातोय.’ पस्तीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात लोकांच्या गाड्या थांबवण्याचा पगार घेतलात, आणि स्वतःला एकदा लाल दिवा दाखवता आला नाही!

(तो पदार्थ माझ्या चहाच्या गाळण्यातून गाळला, हे तुम्ही जाताना दारात, चप्पल घालता घालता सांगितलंत. तोवर मी त्याच गाळण्यातून अकरा कप चहा प्यायले होते. डॉक्टर म्हणाले, डोळ्यावर परिणाम होणार नाही.)

शुक्रवारी मी काळा चष्मा काढून गॅलरीत गेले. नवीन डोळ्याने पहिल्यांदा स्पष्ट दिसलं ते हे: नऊ रोपं आडवी. मातीला टेकतो तिथे देठ दोऱ्यासारखा बारीक झालेला आणि वर बुरशीची पांढरी साय. पोट भरून माजलेल्या मातीत कोवळ्या रोपाला तुम्ही साखरपाणी पाजलंत, दुसरं काय होणार? तीन वाचली, तीही तुमची झारी संपली म्हणून. तेव्हा तुम्ही माझ्या मागे उभे होतात. तुम्हाला गप्प बसलेलं मी आयुष्यात प्रथमच पाहिलं, आणि मला तेही आवडलं नाही.

आता विशेषणं लिहायची वेळ आली, तर पाठ दुखते आहे. तुमची तुम्हीच निवडून घ्या, सौम्य निवडू नका.

तुमची
वहिनी

ता. क. १. झारीतला तळचा गाळ तुम्ही जिन्यातल्या त्या मरतुकड्या जास्वंदीत ओतला होतात. तिला सात कळ्या आल्या आहेत. खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई रोज विचारतात, काय घातलं. मोठ्या झाडाला तुमचं ते पाणी मानवतं, एवढं मी मान्य करते. प्रमाण लिहून पाठवा. साखरेशिवाय.

ता. क. २. ‘हात आवरा’ हे ह्यांनी तुमच्यासाठी लिहिलेलं नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वी रोपं लवकर वाढावीत म्हणून मी अख्खा ट्रे खत घालून मारला होता. दुसऱ्या दिवशी ह्यांनी नवीन बी पेरलं आणि पाकिटावर ती ओळ लिहिली. तुम्हाला वाचून दाखवताना मी हे सांगितलं नाही.

ता. क. ३. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन गुरुवारी, सत्तावीस तारखेला आहे. सोबत कोण, त्याचं नाव दवाखान्याला आधी कळवावं लागतं. थेंब तुमच्याइतके वेळेवर कोणी घालत नाही. शिवाय तीन रोपांपैकी एकाला तिसरं पान फुटतंय, ते मोजायला दोन डोळे लागतील. पंप आणू नका.

ता. क. ४. यावर फोन करू नका. फोनवर तुमचा आवाज हुबेहूब ह्यांच्यासारखा येतो, आणि मग मला रागावता येत नाही. येणार की नाही, ते लेखी कळवा. शनिवार, ता. २२ मार्च, दुपारच्या टपालाच्या आत.